अक्षता आधी, ‘सावधान’ नंतर: जुन्या कॅसेटमधले चित्र संगणकात उतरवताना

आत्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट मी पहिल्यांदा संगणकात उतरवून घेतली, तेव्हा सीमांतपूजनापर्यंत सगळे ठीक होते. अंतरपाट धरला गेला तोवर मात्र भटजींचा आवाज चित्राच्या इतका मागे पडला होता, की ‘शुभमंगल सावधान’ ऐकू येण्याआधीच सगळा मांडव अक्षता उधळून मोकळा झाला होता. तीच कॅसेट, त्याच व्हीसीआरवरून, माळ्यावरच्या जुन्या टीव्हीला जोडून पाहिली तर चित्र आणि आवाज यांची जोडी शेवटपर्यंत सुटली नाही. फितीवर आवाज योग्य जागी होता, तो घसरला होता व्हीसीआर आणि संगणक यांच्यामधल्या वाटेवर. आणि त्या वाटेवर होते बोटाएवढे एक यूएसबी उपकरण, ज्याला बाजारात ‘कॅप्चर कार्ड’ म्हणतात.

असे उपकरण घेताना आपली नजर आधी खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे जाते. कॅसेटसाठी त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. भारतात पाल पद्धत चालत असे, म्हणजे ६२५ ओळींची एक फ्रेम, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम विषम व सम ओळींच्या दोन अर्धचित्रांत विभागलेली. त्या ६२५ पैकी चित्राच्या ओळी ५७६. व्हीएचएसवर प्रकाशमानाचा, म्हणजे उजेड-अंधाराचा, संकेत जेमतेम ३ मेगाहर्ट्झपर्यंतच उमटतो, त्यामुळे आडव्या दिशेला सुमारे २४० रेघांइतकाच तपशील असतो आणि रंगाचा तपशील त्याहूनही बराच कमी. ही माहिती १०८० ओळींत पसरवली म्हणून वधूच्या शालूची जर अधिक स्पष्ट दिसणार नाही. खरी अडचण वेळेची आहे, आणि वेळेबद्दल खोक्यावर काहीच छापलेले नसते.

व्हीसीआरमध्ये १२.७ मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदाला अवघी २३.३९ मिलिमीटर सरकते. एवढ्या संथ फितीवर चित्र मावावे म्हणून ६२ मिलिमीटर व्यासाचा एक तिरपा ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या घेतो आणि त्याच्या दोन बाजूंना बसवलेली, फितीवरचे चित्र लिहिणारी-वाचणारी दोन चुंबकी हेड फितीवर तिरक्या रेघा ओढत जातात. एक रेघ म्हणजे एक अर्धचित्र. हेड आणि फीत यांच्यातला सापेक्ष वेग त्यामुळे सेकंदाला पाच मीटरच्या जवळ जातो. चित्राची प्रत्येक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची असते. आता एखादी फीत उन्हाळ्यात किंचित ताणली गेली, किंवा तिला ओढणारा रबरी रोलर कडक झाला, आणि हेडची गाठ अपेक्षेपेक्षा पाच मायक्रॉनने चुकली, तर ती ओळ जवळपास एक मायक्रोसेकंद लवकर किंवा उशिरा सुरू होते. पाच मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा अगदी लहानसा भाग. पण एका ओळीचा दिसणारा भागच ५२ मायक्रोसेकंदांचा असल्याने एवढ्याशा चुकीने ती ओळ पडद्यावर साडेतेरा बिंदू सरकते. मांडवाचे उभे खांब वाऱ्यावरच्या पडद्यासारखे हलताना दिसतात ते यामुळे.

जुन्या टीव्हीला याचे काही वाटत नसे, कारण त्याच्याकडे स्मृती नव्हती. ओळीच्या सुरुवातीचा इशारा आला की तो ओळ काढायला घेई. इशारा थोडा पुढेमागे झाला तर तोही पुढेमागे होई. कॅप्चर उपकरण असे गाणाऱ्याच्या मागे मागे जाणाऱ्या पेटीवाल्यासारखे वागत नाही. १९८२ साली ठरलेल्या आणि आजही पाळल्या जाणाऱ्या मानकानुसार ते सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा संकेत मोजते, प्रत्येक ओळीचे ७२० बिंदू ठेवते आणि दर ४० मिलिसेकंदांनी एक पूर्ण फ्रेम संगणकाच्या हाती देण्याच्या खटपटीत असते. फितीचे घड्याळ ढिले आणि उपकरणाचे कडक. दोघांचे अगदीच जुळेनासे झाले की स्वस्त उपकरण ती फ्रेम सरळ टाकून देते. आवाज मात्र वेगळ्या मार्गाने अखंड येत राहतो. २५ फ्रेम गळल्या की चित्र एक सेकंद आखूड होते, आणि मग अक्षता ‘सावधान’च्या आधी पडतात.

हा दोष नेमका कुठून येतो हे शोधण्याची एक साधी रीत आहे, आणि नवे काही विकत घेण्याआधी ती अवश्य करून पाहावी. कॅसेटचा तोच दहा मिनिटांचा भाग दोनदा उतरवावा आणि गळालेल्या फ्रेमची संख्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर लक्ष ठेवावे. व्हर्च्युअलडब हा जुना, फुकट मिळणारा प्रोग्रॅम ती संख्या स्पष्ट दाखवतो. दोन्ही वेळा फ्रेम त्याच जागी गळत असतील, तर कारण फितीत किंवा व्हीसीआरमध्ये आहे. दर वेळी वेगळ्या जागी गळत असतील, तर संगणक कुठेतरी अडखळतो आहे: उपकरण हबमध्ये खोचलेले आहे, त्याच वेळी अँटिव्हायरस डिस्क चाळतो आहे, किंवा वीज वाचवण्यासाठी संगणक यूएसबीची जोडणी मधूनच झोपवतो आहे. आणि एकही फ्रेम न गळता आवाज हळूहळू, पण सारख्या गतीने सरकत असेल, तर तिसरेच कारण असते. आवाज संगणकाच्या माइकच्या भोकातून आणि चित्र यूएसबीतून घेतले, की दोघांची स्फटिक-घड्याळे वेगळी पडतात. त्यांच्यात दहा लाखात ५० एवढाच फरक असला तरी तीन तासांच्या कॅसेटच्या शेवटी अर्ध्या सेकंदाहून जास्त अंतर पडते. अशा वेळी आवाजही त्याच उपकरणातून घ्यावा.

कारण फितीत निघाले तर उपाय आहे तो टाइम बेस करेक्टर, म्हणजे थोडी स्मृती असलेले मंडल. ते वेडीवाकडी आलेली ओळ क्षणभर साठवते आणि नेमक्या तालावर पुढे सोडते. हे दोन पातळ्यांवर चालते: ओळी सरळ करणे आणि पूर्ण फ्रेम साठवून उपकरणाला सतत, न चुकता पुरवणे. काही महागड्या एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये पहिली सोय आतच असे. आपल्याकडच्या घरगुती यंत्रांत ती सहसा नसते. मात्र जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरपैकी काहींच्या इनपुट मंडलात अशी स्मृती होती. त्यामुळे डिस्क न घालता केवळ मधला दुवा म्हणून तो व्हीसीआर आणि कॅप्चर उपकरण यांच्यामध्ये जोडला, तर बिघडलेला ताल बराचसा सावरतो. भंगारात निघालेल्या वस्तूचा इतका चांगला उपयोग मी क्वचितच पाहिला आहे.

आता उपकरणाविषयी. ‘ईझीकॅप’ या नावाने मिळणारी काळी-पांढरी डबडी बाहेरून जुळ्या भावांसारखी दिसतात, पण आतली चिप एकात एसटीके११६०, दुसऱ्यात ईएम२८६०, तिसऱ्यात यूटीव्ही००७ अशी काहीही निघते, आणि एकीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. म्हणून सोबत आलेली सीडी चालली नाही तर डबडे बिघडले असे लगेच समजू नये. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाचा हार्डवेअर आयडी पाहून चिप ओळखावी आणि तिचाच ड्रायव्हर शोधावा. लिनक्सच्या कर्नेलमध्ये या तिन्ही चिपांचे ड्रायव्हर आधीपासून आहेत, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून काम भागते.

व्हीसीआरच्या पिवळ्या पिनेला आधी ‘एव्ही टू एचडीएमआय’ ही डबी आणि मग एचडीएमआयची कॅप्चर स्टिक, अशी जोडणी अनेक जण सुचवतात. ती सुलभ आहे, पण मला पसंत नाही. ती डबी बहुधा सेकंदाला ५० अर्धचित्रांचे ६० फ्रेममध्ये रूपांतर करते, विषम-सम ओळी घाईने एकमेकींत मिसळते आणि चार-तीनच्या चौकटीतला नवरदेव सोळा-नऊच्या चौकटीत ताणून लठ्ठ करते. एकदा मिसळलेल्या ओळी नंतर नीट वेगळ्या काढता येत नाहीत. त्यातही स्वस्त स्टिकचा प्लग निळा असला तरी आतली यंत्रणा पुष्कळदा यूएसबी २ चीच असते. १०८० ओळींचे ६० फ्रेमचे कच्चे चित्र सेकंदाला सुमारे २५० मेगाबाइट मागते, तर यूएसबी २ ची कागदावरची कमाल मर्यादा ६० मेगाबाइट. मग ती स्टिक चित्र दाबून, तपशील मारून पाठवते. कॅसेटचे ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे कच्चे चित्र मात्र सेकंदाला २०.७ मेगाबाइटमध्ये बसते, म्हणजे यूएसबी २ पुरून उरते. तासाला जवळजवळ ७५ गीगाबाइट होतात, हे खरे; पण हफ्फवायूव्ही किंवा एफएफव्ही१ यांसारख्या, काहीही न गमावता दाबणाऱ्या पद्धतीने ते निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतात.

उतरवतानाची सेटिंग्ज पाल आणि सेकंदाला २५ फ्रेम अशी हवीत. चित्र कृष्णधवल आले, तर आधी पाल-एनटीएससीचे सेटिंग पाहावे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट ५२५ ओळींची एनटीएससी असते आणि तिला तसा व्हीसीआरही लागतो. पडद्यावर एक रुंद काळसर पट्टा सावकाश वर सरकत असेल आणि आवाजात घूं असा सूर असेल, तर तो घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा उपद्रव आहे; लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवले की तो बहुधा जातो. व्हीसीआरची ‘ब्लू बॅक’ सोय बंद ठेवावी, कारण संकेत थोडा क्षीण झाला की मुंग्या दाखवण्याऐवजी तो सगळा पडदा निळा करतो आणि त्या मुंग्यांमागचे चित्रही जाते. चित्र लयीत उजळ-काळे होत असेल, तर विकतच्या सिनेमांच्या कॅसेटवरील मॅक्रोव्हिजन हे नक्कलरोधक त्याला कारण असू शकते. गंमत अशी, की घरगुती कॅसेटही पुरेशी झिजली असेल तर काही उपकरणे तिच्या विस्कटलेल्या संकेतालाच मॅक्रोव्हिजन समजून काम नाकारतात.

चित्राच्या अगदी तळाशी फाटल्यासारखी एक पट्टी दिसते आणि लोक हमखास घाबरतात. एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे काम जाते ती ही जागा. जुन्या टीव्हीत पडद्याच्या कडेमागे ती झाकलेली असे. ती प्रत्येक कॅसेटवर असते, आणि शेवटी कापून टाकता येते.

कोकणात किंवा मुंबईत कपाटात राहिलेल्या कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली, तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट तशीच लावली तर बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवरही जाते. हेड पुसायचे झाल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले शॅमॉय चामडे ड्रमला हलकेच टेकवून ड्रम हाताने फिरवावा. चामडे वर-खाली ओढले तर हेड तुटते, आणि कानकाडीचा कापूस त्यात अडकतो. नवे व्हीसीआर बनवणारी अखेरची मोठी कंपनी, जपानची फुनाई, जुलै २०१६ मध्ये थांबली. तेव्हा तुटलेले हेड बदलण्यासाठी दुसरा जुना व्हीसीआरच बळी द्यावा लागतो.

आत्याची कॅसेट मी दुसऱ्यांदा उतरवली ती मागची प्लास्टिकची टिकली मोडून, म्हणजे चुकून तिच्यावर काही रेकॉर्ड होऊ नये. मध्ये डीव्हीडी रेकॉर्डर जोडून. आणि आवाज उपकरणातूनच घेऊन. पहिल्या खेपेला तीन तासांत शंभराहून अधिक फ्रेम गळल्या होत्या, या खेपेला चार. अंतरपाट दूर झाला, ‘सावधान’ पूर्ण ऐकू आले, मग अक्षता पडल्या. आणि आत्याने पहिली तक्रार केली ती मागे कोणी तरी बँडवाल्याला मोठ्याने रागावते आहे हे इतकी वर्षे कसे ऐकू आले नाही, याची.