राष्ट्रीयत्व-बदल (मॅरेथॉन)

मॅरेथॉनपटूने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेऊन त्या देशातर्फे आंतरराष्ट्रीय स्पर्धांत धावणे. यात दोन परवानग्या लागतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पासपोर्ट सरकार देते. त्या देशाची जर्सी घालायची मुभा मात्र क्रीडा संघटना देतात. विल्सन किपकेटर हा ८०० मीटरचा धावपटू, पण त्याचे उदाहरण इथे सगळ्यांत बोलके आहे. केनियात जन्मलेला किपकेटर १९९५ मध्ये डेन्मार्कतर्फे जागतिक विजेता झाला. पुढच्याच वर्षी अटलांटा ऑलिम्पिकला मात्र त्याला घरी बसावे लागले, कारण डेन्मार्कचे नागरिकत्व अजून मिळाले नव्हते.

याचे छोटे रूप नागपूरकरांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. मानकापूरच्या क्रीडा संकुलात किंवा रेशीमबागेच्या मैदानावर पहाटे भरतीची तयारी करणारी मुले सोळाशे मीटर काढत असतात. ऊन चढायच्या आत सगळे आटोपायचे असते. त्यातला एखादा सैन्यात लागला आणि धावत राहिला, तर राष्ट्रीय स्पर्धेत तो महाराष्ट्राऐवजी सेनादलातर्फे उतरतो. रेल्वेत लागला तर रेल्वेतर्फे. ‘राज्य सोडून गेला’ असे त्याला कोणी म्हणत नाही. ‘पोरगं कामाला लागलं’ म्हणून घरात पेढे वाटले जातात. देश बदलणाऱ्यांची कारणेही बरीचशी अशीच असतात, आणि त्यांना सरसकट गद्दार ठरवणे अन्यायाचे आहे.

पहिले कारण जागांचे. ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये एका देशाचे जास्तीत जास्त तीन पुरुष आणि तीन महिला धावतात. केनिया-इथिओपियात चौथ्या-पाचव्या क्रमांकावरची व्यक्तीही जगातल्या अव्वल धावपटूंत मोडते, तरी तिला जागा नसते. दुसरे कारण पैशाचे. आखाती देशांनी धावपटूंना पैसे देऊन नागरिकत्व दिल्याची टीका झाली ती यातूनच. केनियात जन्मलेल्या रोझ चेलिमोने २०१७ ची जागतिक मॅरेथॉन बहारीनतर्फे जिंकली. तिसरे कारण संसाराचे, आणि चौथे जीव वाचवण्याचे. हे शेवटचे कारण बाकीच्यांच्या रांगेत बसवता येत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांची मॅरेथॉन २ तास २२ मिनिटे ५५ सेकंदांत जिंकणारी सिफान हसन इथिओपियात जन्मली. ती २००८ मध्ये निर्वासित म्हणून नेदरलँड्समध्ये आली आणि २०१३ मध्ये तिथली नागरिक झाली.

टोकियो ऑलिम्पिकची पुरुष मॅरेथॉन ८ ऑगस्ट २०२१ रोजी सापोरोत झाली. केनियाचा एलियुड किपचोगे केव्हाच पुढे निघून गेला होता. मागे रौप्य आणि कांस्यासाठी झुंज चालली होती. नेदरलँड्सचा अब्दी नगेये पुढे सरकला आणि धावता धावता मागे वळून हाताने खुणावू लागला. मागे बेल्जियमचा बशीर अब्दी होता, पायात गोळा आलेला. दोघांच्या जर्सी वेगळ्या, पण जन्म दोघांचाही सोमालियातला आणि सरावही एकत्र केलेला. नगेये २:०९:५८ ला पोहोचला, बशीर २:१०:०० ला. केनियाचा लॉरेन्स चेरोनो दोन सेकंदांनी हुकला. देश बदलला म्हणजे माणूस मुळापासून तुटतो असे ज्यांना वाटते, त्यांनी ही शेवटची काही मीटर पाहावीत.

सगळ्यांच्या पदरात असे दान पडत नाही. मोरोक्कोचा खालिद खन्नूची न्यूयॉर्कमध्ये भांडी घासून धावत राहिला. १९९९ मध्ये शिकागोत त्याने २:०५:४२ चा जागतिक विक्रम केला तो मोरोक्कोचा म्हणून. मे २००० मध्ये तो अमेरिकी नागरिक झाला आणि २००२ मध्ये लंडनला २:०५:३८ अशी वेळ देऊन स्वतःचाच विक्रम मोडला. ऑलिम्पिक मॅरेथॉन मात्र त्याच्या नशिबी आली नाही.

कोरियाच्या सोन की-चुंगला या नोंदीत बसवू नये. त्याने १९३६ चे बर्लिन सुवर्ण जपानी नावाने आणि जपानी झेंड्याखाली जिंकले, कारण त्याचा देश जपानच्या ताब्यात होता. पदक स्वीकारताना त्याने हातातल्या रोपट्याने छातीवरचा झेंडा झाकून घेतला. निवड त्याची नव्हती, आणि या संकल्पनेत निवडच महत्त्वाची आहे.

नियम. आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने फेब्रुवारी २०१७ मध्ये असे सर्व बदल गोठवले. २०१८ मध्ये नवे नियम आले : तीन वर्षांची प्रतीक्षा, किमान वय २० वर्षे आणि नव्या देशाशी खरेखुरे नाते असल्याची छाननी. विशी-पंचविशीतल्या धावपटूची तीन वर्षे म्हणजे ऐन उमेदीची वर्षे; तरीही अल्पवयीन मुलांचा बाजार रोखायला हा अडसर हवाच होता.

भारत. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. केनियाने २०१० च्या राज्यघटनेत दुहेरी नागरिकत्वाला वाट दिली. आपल्याकडे ती बंद आहे. भारतातर्फे खेळायलाही भारतीय पासपोर्टच लागतो. जपानमध्ये जन्मलेल्या फुटबॉलपटू इझुमी अराताने त्यासाठी जपानचे नागरिकत्व सोडले. परदेशी नागरिकत्व घेतलेली नागपूरची मुलगी ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड) हिवाळ्यात माहेरी येईल, इथल्या खुल्या मॅरेथॉनमध्ये धावेल, कदाचित पहिलीही येईल. भारताची जर्सी मात्र ओसीआय कार्डावर मिळत नाही.