ल्यूसीन झिपर

डीएनएला बांधून घेऊन जनुकांचे प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणे) कमीजास्त करणाऱ्या काही प्रथिनांतील एक संरचनात्मक आकृतिबंध. सुमारे तीस-पस्तीस अमिनो आम्लांच्या या पट्ट्यात दर सातव्या जागी ल्यूसीन हे अमिनो आम्ल येते आणि अशा दोन पट्ट्यांच्या जुळणीतून प्रथिनाची जोडी (द्विवारिक) बनते. बोलीत झिपला ‘चेन’ म्हणतात. परंतु प्रथिनांच्या संदर्भात ‘साखळी’ला आधीच वेगळा अर्थ (अमिनो आम्लांची माळ) असल्याने येथे झिपर हेच नाव ठेवले आहे.

1988 मध्ये बॉल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेतील लँडशुल्ट्झ, जॉन्सन व मॅकनाइट यांनी सी/ईबीपी या यकृतातील प्रथिनाचा अनुक्रम आल्फा हेलिक्सवर (प्रथिनाच्या साखळीच्या मळसूत्री वळणावर) मांडून पाहिला, तेव्हा ल्यूसिने एकाच कडेला रांगेने आलेली दिसली. मिक, फॉस व जुन या प्रथिनांतही तीच रांग होती. समोरासमोरच्या दोन रांगा चेनच्या दातांप्रमाणे एकाआड एक अडकत असाव्यात, असा त्यांचा तर्क होता. नाव पडले ते त्यावरून.

तर्काचा हा भाग पुढे टिकला नाही. 1989 मध्ये ओशे, रुटकोव्स्की व किम यांनी यीस्टमधील जीसीएन4 प्रथिनाचा तुकडा तपासून दाखवले, की दोन्ही हेलिक्स एकाच दिशेने जातात व एकमेकींभोवती पीळ घेतात. हेलिक्सच्या एका वेढ्यात 3.6 अमिनो आम्ले बसतात, म्हणजे सातवे आम्ल नेमके आधीच्याच्या रेषेत येत नाही, किंचित सरकते. पिळामुळे ही तफावत भरून निघते. अशा पिळाची कल्पना डीएनएच्या रचनेसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रान्सिस क्रिक यांनी 1953 मध्येच मांडली होती. 1991 च्या स्फटिकरचनेत समोरासमोरची ल्यूसिने एकमेकांत न गुंतता शेजारी शेजारी बसलेली आढळली. तेव्हा उपमा म्हणून शिडीच्या पायऱ्या अधिक जवळच्या वाटतात. नाव मात्र झिपरच राहिले.

जीसीएन4 च्या पट्ट्यात मधोमध एक अ‍ॅस्परजीन असते. हे अमिनो आम्ल काढून त्याजागी व्हॅलीन हे दुसरे घातले, तर बांधणी अधिक स्थिर होते, पण जोड्यांबरोबर तिकड्याही तयार होतात. म्हणजे अ‍ॅस्परजीन स्थैर्य थोडे कमी करते, पण जोडीच बनेल याची काळजी घेते. फॉसच्या दोन साखळ्या ऋणभारामुळे परस्परांना दूर सारतात, म्हणून फॉसला जुनची संगत लागते.

झिपर स्वतः डीएनएला धरत नाही. ते काम लगतच्या, अर्जिनीन-लायसीनयुक्त अल्कधर्मी भागाचे. डीएनए नसताना हा भाग बराचसा सैल असतो. डीएनए मिळताच हेलिक्स बनून त्याच्या पिळातील मोठ्या खाचेत चिमट्यासारखा बसतो. जीसीएन4 व फॉस-जुन हे दोन्ही डीएनएतील टी-जी-ए-सी-टी-सी-ए हा क्रम ओळखतात. (जुन हे नाव जपानीतील ‘जू-नाना’, म्हणजे सतरा, यावरून आले, ज्या कोंबडीच्या विषाणूत हे जनुक सापडले त्याचा क्रमांक 17 होता.)

दर सातव्या जागी ल्यूसीन दिसले म्हणजे तेथे झिपर आहेच, असे नव्हे. निव्वळ योगायोगानेही अशी रांग जुळते. जोडी खरोखर बनते का, हे प्रयोगानेच ठरवावे लागते.