एमआयटी-मॅनस

पक्षाघातानंतर दुबळ्या पडलेल्या हाताकडून व्यायाम करून घेणारा यंत्रहात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या विद्यापीठात नेव्हिल होगन, हर्मानो इगो क्रेब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे काम १९८९च्या सुमारास हाती घेतले. रुग्णाला मदत करणाऱ्या रोबॉटांच्या संशोधनात इतक्या कसोशीने पारखले गेलेले यंत्र क्वचितच सापडेल.

रुग्ण टेबलाशी बसतो. त्याचा दुबळा हात यंत्राच्या मुठीला पट्ट्याने बांधतात. समोरच्या पडद्यावर मध्यभागी एक ठिपका आणि त्याभोवती आठ ठिपके दिसतात. मधल्या ठिपक्यापासून बाहेरच्या ठिपक्यापर्यंत हात न्यायचा आणि परत आणायचा, एवढेच काम. हालचाल फक्त आडव्या पातळीत, खांदा आणि कोपर यांची.

खरी कर्तबगारी आहे ती यंत्राच्या नमतेपणात. कारखान्यातला रोबॉट ठरलेल्या जागी पोहोचतोच. वाटेत कोणाचा हात आला तरी त्याला त्याची पर्वा नसते. आखडलेल्या स्नायूंना असा हिसका बसला तर इजा होईल. होगन यांनी १९८५मध्ये मांडलेल्या ‘इंपीडन्स कंट्रोल’ पद्धतीत यंत्राला केवळ जागा नेमून देत नाहीत. ढकलले असता त्याने किती ताठ राहायचे आणि किती नमायचे हेही ठरवून देतात. त्यासाठी मॅनसचे सांधे कमी घर्षणाचे आणि हलके ठेवले आहेत. रुग्णाने हात हलवला तर यंत्र मुकाट्याने बरोबर जाते. हात अडला तरच हलकेच पुढे नेते. पुढे क्रेब्ज यांनी रुग्णाची प्रगती पाहून मदत आपोआप कमी होत जाईल अशीही सोय केली. हे फार महत्त्वाचे, कारण सगळे काम यंत्रानेच केले तर मेंदूला शिकण्यासारखे काही उरत नाही.

न्यूयॉर्क राज्यातील बर्क पुनर्वसन रुग्णालयात २० रुग्णांवर झालेल्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष १९९७मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते आशादायक होते. पुढे माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील १२७ जणांची चाचणी झाली (२०१०). तिच्यातल्या रुग्णांना पक्षाघात होऊन किमान सहा महिने उलटले होते. यंत्रावर एका बैठकीत हजाराच्या आसपास हालचाली होत. बारा आठवड्यांनंतर नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही, छत्तीस आठवड्यांनंतर मात्र थोडा दिसला. पण फिजिओथेरपिस्टने तितकाच कसून व्यायाम करून घेतला, तेव्हा यंत्राची सरशी झाली नाही.

ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या ‘रॅटल्स’ चाचणीचा (२०१९) कौल याहून स्पष्ट होता. रोबॉटच्या व्यायामाने हाताची हालचाल काहीशी सुधारली. वस्तू उचलणे, धरणे, रोजची कामे करणे यांत मात्र नेहमीच्या उपचारांपेक्षा फायदा आढळला नाही. यावरून यंत्र निकामी ठरवणे घाईचे होईल. टेबलावर खांदा आणि कोपर सरकवणे वेगळे आणि बोटांनी पेला धरून तोंडाशी नेणे वेगळे. मनगट, पंजा आणि घोट्यासाठी याच गटाने स्वतंत्र यंत्रे तयार केली आहेत. होगन आणि क्रेब्ज यांनी १९९८मध्ये स्थापलेल्या कंपनीने मॅनसची सुधारित आवृत्ती ‘इनमोशन’ या नावाने रुग्णालयांपर्यंत पोहोचवली.