झडपेच्या ऑपरेशननंतरचा टूडी इको : रुग्ण आणि घरच्यांसाठी माहिती

हृदयाची झडप बदलल्यावर साधारण 6 आठवडे ते 3 महिन्यांत होणारा पहिला इको (हृदयाची सोनोग्राफी) सर्वांत मोलाचा. तोवर अंगात रक्त भरून आलेलं असतं, नाडी स्थिरावलेली असते. त्या दिवशीचे आकडे हे तुमच्या झडपेचे मूळ आकडे. पुढे शंका आली की तुलना त्यांच्याशीच होते. तो रिपोर्ट जपा, पण लॅमिनेट करू नका. फोटोंचा कागद उष्णतेने काळा पडतो.

येताना झडपेचं कार्ड, म्हणजे बसवलेल्या झडपेचा प्रकार आणि नंबर (माप) लिहिलेलं कार्ड, आणाच. 19 नंबरच्या झडपेतून रक्त जाताना दाब जास्त पडतो, 23 नंबरच्या झडपेत कमी. नंबर माहीत नसेल तर आलेला आकडा चांगला की वाईट, हे नीट सांगता येत नाही.

उपाशी राहायची गरज नाही, गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या. जिना चढून आला असाल तर आधी 10 मिनिटं बसा. उंची, वजन, बीपी घेऊन तुम्हाला डाव्या कुशीवर झोपवतात, डावा हात डोक्याखाली. टाक्यांची जागा दुखत असेल तर लगेच सांगा.

महाधमनीच्या झडपेवर सरासरी दाबफरक (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, mmHg मध्ये) 20 च्या आत आणि मायट्रलवर (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) 5 च्या आसपास असेल तर बहुधा काळजी नसते. ताप, रक्त कमी असणं किंवा जलद नाडी यांनीही हा आकडा वाढतो. मायट्रलवर तर फारच. म्हणून रिपोर्टमध्ये नाडीचा वेग लिहिलेला आहे ना, तेवढं बघा. ऑपरेशननंतर हृदयाचा मधला पडदा वेगळा हलताना दिसतो. पंपिंग चांगलं असेल तर एवढ्यावरून घाबरू नका.

धातूच्या झडपेची सावली पडते. मायट्रलची गळती नेमकी त्या सावलीत लपते. तशी शंका असेल तर अन्ननलिकेतून इको करावा लागतो. त्याला मात्र 6 तास उपाशी, कवळी काढून. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, आणि इको चांगला आला म्हणून आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे सांगणारी रक्ततपासणी) टाळू नका. गोळीचं प्रमाण बरोबर आहे की नाही, हे इकोत दिसत नाही.

अचानक दम लागला, धातूच्या झडपेची टिकटिक बंद झाली किंवा मंद वाटली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर आमच्याकडे अपॉइंटमेंट घेत बसू नका. थेट हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा, कार्ड सोबत घेऊन.