मीम-रूपक

मीम-रूपक : युद्ध किंवा आंतरराष्ट्रीय तणावाच्या काळात एखादा देश, नेता वा लढाई दुसऱ्याच ओळखीच्या गोष्टीच्या रूपात दाखवून लोकमत वळवणारे समाजमाध्यमांवरील चित्र.

‘मीम’ हा शब्द ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये अनुकरणवाचक ग्रीक शब्द आखूड करून घडवला. जर्मन शास्त्रज्ञ रिखार्ड झेमोन यांच्या ‘म्नेमे’ (१९०४) या स्मृतिविषयक संज्ञेशीही त्याचे नाते जोडले जाते. मात्र डॉकिन्स यांची स्वतःची व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. ‘रूपक’ ही संज्ञाही तपासून घ्यावी लागते. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या (सु. अकरावे शतक) मते रूपक म्हणजे उपमान-उपमेयांचा अभेद, त्यात दोन्ही पदे हजर असतात. मीममध्ये उपमेय बहुधा गिळलेले असते, झेंड्याचे रंग तेवढे उरतात. म्हणून ‘साध्यवसाना गौणी लक्षणा’ (साम्यामुळे उपमेयाच्या जागी फक्त उपमानच सांगणे) हे नाव जास्त नेमके ठरेल. रूढीमुळे येथे ‘रूपक’च ठेवले आहे.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी १९९१ च्या आखाती युद्धाच्या तोंडावर दाखवून दिले, की देशाला माणूस मानले की खलनायक, पीडित आणि तारणहार यांची गोष्ट आपसूक उभी राहते. युक्रेन युद्धात (२०२२) ‘सेंट जॅव्हलिन’ हे चित्र गाजले : प्रभावळ असलेली ख्रिस्ती संत स्त्री, हातात रणगाडाभेदी क्षेपणास्त्र. ख्रिस्ती प्रेक्षक तिथे दचकतो. कोल्हापूरकर तितका दचकणार नाही. अंबाबाईच्या चार हातांत म्हाळुंग व पानपात्राबरोबर गदा आणि ढालही आहे. रूपकाचा जोर असा पाहणाऱ्याच्या घरच्या शिदोरीवर ठरतो. ‘ऑपरेशन सिंदूर’ (मे २०२५) हे नाव मराठी घरांत उलगडून सांगावे लागले नाही. ‘कुंकू पुसले जाणे’ हा वाक्प्रचार आधीच होता.

कोल्हापुरी बोलीला युद्धासाठी उपमान हाताशी मिळते ते तांबड्या मातीतले : धोबीपछाड, चितपट, अस्मान दाखवणे. पण राजर्षी शाहूंच्या खासबाग मैदानात (१९१२) पंच कुस्ती सोडवतो आणि हरलेला मल्ल माती झटकून उठतो. बॉम्ब पडलेल्या वस्तीत असे उठणे नसते. आखाड्याचे चित्र पाहताना नेमके हेच नजरेआड होते, आणि दोन्ही बाजूंचे मृत मोजणीतून गळतात.

व्हॉट्सॲप स्टेटस २४ तासांत पुसले जाते. त्यामुळे मराठी मीमांचा माग मुख्यतः वृत्तपत्रांतूनच काढावा लागतो. जून २०२३ मध्ये आक्षेपार्ह स्टेटसवरून कोल्हापुरात तणाव उसळला आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. विषय परराष्ट्राचा नव्हता, इतिहासातील व्यक्तींचा होता.