एफएमआरआयमध्ये गाबा दिसत नाही

मेंदूचं करडं चित्र, त्यावर लाल-पिवळे ठिपके आणि खाली ओळ: ‘या भागात अमुक रसायन वाढलं.’ अशा बातम्या वाचताना माझा हात कपाळाकडे जातो. ते ठिपके बहुधा एफएमआरआयचे, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामाला लागला ते दाखवणाऱ्या एमआरआयचे असतात, आणि एफएमआरआय रक्ताचा माग काढतो. रसायन मोजायचं, उदाहरणार्थ चेतापेशींना शांत करणारं गाबा हे संदेशवाहक रसायन, तर तपासणी वेगळी: एमआर स्पेक्ट्रोस्कोपी. यंत्र तेच, चुंबक तोच, सुई किंवा क्ष-किरण दोन्हींत नाहीत. घोळ होणारच.

एफएमआरआयचं तत्त्व थोडक्यात असं. ऑक्सिजन देऊन बसलेलं हिमोग्लोबिन आसपासचं चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवतं. चेतापेशी कामाला लागल्या की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त धावतं, बिघाड कमी होतो, संकेत वाढतो. रक्तातल्या ऑक्सिजनचा चित्रावरचा हा परिणाम सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवला. दर एक-दोन सेकंदांनी अख्ख्या मेंदूचं चित्र मिळतं.

स्पेक्ट्रोस्कोपीत हाती येतो तो शिखरांचा आलेख. हायड्रोजन कोणत्या रेणूत बसलाय, त्यावर त्याचा सूर, म्हणजे संकेताची वारंवारता, दशलक्षांश भागांनी सरकते; आलेखावरच्या जागा याच भागांत मोजतात. पाणी ४.७ वर, क्रिएटिन हे मेंदूतलं आणखी एक रसायन ३.० वर. आता मेंदूत पाणी लिटरमागे चाळीसएक मोल, तर गाबा जेमतेम एक मिलिमोल. ढोलताशाच्या पथकात तंबोरा ऐकायचा! म्हणून आधी पाण्याचा संकेत दाबतात, साधारण तीन सेंटिमीटर बाजूचा ठोकळा निवडतात आणि दहाएक मिनिटं संकेत गोळा करतात. तोवर माणसाने डोकं हलवायचं नाही.

एवढं करूनही गाबाचं एक शिखर नेमकं क्रिएटिनखाली दडलेलं. त्यावरची युक्ती मला फार आवडते. गाबाचे ३.० वरचे हायड्रोजन त्याच रेणूतल्या १.९ वरच्या हायड्रोजनांशी जोडलेले असतात. क्रिएटिनचं तसं नातं नाही. १.९ वर एकदा रेडिओलहरींचा स्पंद द्यायचा, एकदा नाही, आणि दोन आलेखांची वजाबाकी करायची. क्रिएटिन कटतं, गाबा उरतो. थोडे प्रथिनांसारखे मोठे रेणूही सोबत उरतात, म्हणून शोधनिबंधांत ‘गाबा+’ असं लिहितात.

पण हा आकडा म्हणजे कणगीतलं एकूण धान्य. आज चुलीवर किती गेलं, ते त्यातून कळत नाही. त्या ठोकळ्यातला बहुतेक गाबा पेशींच्या आत असतो, सिनॅप्समध्ये, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या सांध्यात, सुटलेला नव्हे. ग्लुटामेट हे दुसरं संदेशवाहक रसायन तर पेशीच्या रोजच्या चयापचयातही वापरलं जातं.

रुग्णालयाच्या रिपोर्टवर ‘स्पेक्ट्रोस्कोपी’ दिसली, तर ती बहुधा गाबासाठी नसते. मेंदूतली गाठ ट्यूमरची की क्षयाची, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. कोलिन या पेशींच्या आवरणाशी निगडित रसायनाचं वाढलेलं शिखर ट्यूमरकडे बोट दाखवतं, १.३ जवळचं मेदाचं ठळक शिखर क्षयाच्या गाठीतही दिसतं.

आणि डोपामाइन हे संदेशवाहक रसायन? ते इतकं थोडं असतं की या आलेखात वर येतच नाही. त्यासाठी पेट स्कॅन, म्हणजे सुई आणि किरणोत्सर्गी द्रव्य आलंच.