पी-व्हॅल्यू एकाची, अल्फा दुसऱ्याचा

ठाण्यात नौपाड्याकडे स्टॅट्सच्या क्लासला जाणारं कुठलंही पोरगं एका दमात सांगेल की नल हायपोथिसिस ('खरा फरक काहीच नाही, दिसतो तो योगायोग' हे गृहीतक) मांडा, अल्फा (आधीच ठरवलेली मर्यादा) ०.०५ घ्या, पी-व्हॅल्यू (नल खरं असताना निदान इतका फरक दिसायची शक्यता) त्याच्याखाली आली की नल रिजेक्ट. पाठ चोख असतं, पण हे सगळे शब्द एका माणसाचे नाहीत आणि ज्यांचे आहेत त्यांच्यातून विस्तव जात नव्हता, हे कोणी सांगत नाही.

दिसतंय ते योगायोगाने होऊ शकतं का हे तपासायची कल्पना तशी जुनीच. १७१० मध्ये आर्बथनॉट नावाच्या डॉक्टरने लंडनची ८२ वर्षांची बाप्तिस्म्याची नोंद काढली, दरवर्षी मुलगे जास्त, मग म्हणाला हा निव्वळ योगायोग नाही (त्याने श्रेय देवाला दिलं, ते सोडा). १९०८ मध्ये गिनेस ब्रुअरीतल्या गॉसेटने 'स्टुडंट' नावाने टी-टेस्टचा (थोड्या नमुन्यांवरून सरासरीतला फरक खरा आहे का ते तपासायच्या पद्धतीचा) पाया घातला, कारण हाताशी सॅम्पल अगदी छोटे असायचे.

खरी गंमत फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाची. १९३५ च्या पुस्तकात त्याने चहाचा प्रयोग दिलाय. एक बाई म्हणते, कपात दूध आधी घातलं की चहा, ते मला चवीवरून कळतं. कप ८, त्यातले ४ दूध-आधीवाले. चार कप निवडायचे प्रकार ७०, म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता ७० मध्ये १, साधारण ०.०१४; हीच पी-व्हॅल्यू. पण चारातला एकच चुकला तरी निदान तितकं बरोबर यायची शक्यता ७० मध्ये १७ होते, मग कसला पुरावा! नल हायपोथिसिस हे नाव इथलंच, आणि यात अल्टरनेटिव्ह (नलच्या विरुद्धचं गृहीतक) कुठेच नाही.

अल्टरनेटिव्ह, टाइप वन (नल खरं असताना ते फेटाळायची चूक, जिची मर्यादा म्हणजे अल्फा), टाइप टू (नल खोटं असताना ते न फेटाळायची चूक), पॉवर (खोटं नल पकडायची शक्यता) हे सगळं नेमन आणि एगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांचं, १९२८ ते १९३३ मधलं. त्यांना पुरावा किती भक्कम हे मोजायचं नव्हतं, वारंवार निर्णय घेताना चुका आटोक्यात ठेवायच्या होत्या. रबाळे-महापेच्या एमआयडीसीत बॅच पास की फेल ठरवणाऱ्या क्यूसीवाल्याला हेच जास्त कामाचं, असं मला वाटतं. फिशर मात्र या विचारावर शेवटपर्यंत चिडून होता, आणि १९३३ नंतर तो आणि पिअर्सन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एकाच इमारतीत! त्याच सुमारास आपले साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे तिथेच शिकत होते.

पुढे पाठ्यपुस्तकवाल्यांनी दोन्हींची खिचडी केली. ०.०५ सुद्धा फिशरने १९२५ मध्ये सोयीचा आकडा म्हणून घेतलेला, आणि १९५६ मध्ये त्यानेच लिहिलं की कुठलाही शास्त्रज्ञ दरवेळी एकच ठरावीक लेव्हल धरून बसत नाही.